सडा, वाडा, खाजन

गोव्यातलं कुठलंही जुनं गाव नदीकडून डोंगराकडे चालत जाऊन पाहावं. आधी खारफुटी लागते, मग मातीचा बांध, बांधाच्या आत खाजनाची सपाट शेतं. शेतं संपतात तिथं जमीन जराशी उचलते, हाताला रेताड लागते, तो केर. त्याच्या वर माडांच्या रांगा आणि त्यांच्या सावलीत वाडा: घरं, देऊळ, विहिरी. वाड्याच्या मागून काजू-आंब्या-फणसांची भाटं चढत जातात आणि सगळ्यांत वर सडा, काळपट तांबड्या कातळाचा. माझं गाव माशेलच्या बाजूला, कुंभारजुव्याच्या कालव्याजवळ आहे. तिथं ही सगळी उतरंड अर्ध्या तासाच्या चालीत पायांखालून जाते.

या उतरंडीत वाडा मधोमध का बसला? सड्यावर जागा मोकळी, वारा भरपूर. खाजनाच्या काठाला तर जमीन आयती सपाट. तरीही आमच्या आज्या-पणज्यांनी वरची जागा गुरांना आणि पावसाला सोडली, खालची भाताला आणि भरतीला सोडली, आणि स्वतः मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात एकमेकांना खेटून राहिले. चुलतभावाने नवं घर बांधायचं काढलं तेव्हा घरात वाद सुरू झाला, वर बांधावं की खाली. वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा सड्याच्या कडेला आहे, दुसरा शेतांना लागून. वाड्यातली जागा वाटण्या होऊन संपलेली. त्या निमित्ताने माती, दगड, विहिरी आणि संडासाच्या टाक्या यांबद्दल जेवढं विचारता, वाचता आणि खणून पाहता आलं तेवढं मी केलं. ते इथे मांडतेय, कारण गोव्यात आज कितीतरी कुटुंबांपुढे हाच प्रश्न आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो नकाशा, दर आणि रस्त्याची रुंदी एवढ्यावरच सुटतो. मातीला कोणी विचारत नाही.

वरून सुरुवात करते. सडा म्हणजे जांभा. गोव्याचा मूळ खडक बहुतेक ठिकाणी शिस्ट, फायलाइट, ग्रेवॅक किंवा नाइस. ईशान्येला सत्तरीच्या कोपऱ्यात तेवढा दख्खनचा बेसॉल्ट. इथे वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढं पाणी लाखो वर्षं खडकातून झिरपत राहिलं, तेव्हा सिलिका, चुना, पोटॅश, मॅग्नेशियम धुऊन गेलं. मागे उरलं लोह, अॅल्युमिनियम आणि केओलिनची पांढरी माती. पावसाळ्यात भूजल वर चढायचं, उन्हाळ्यात उतरायचं. त्या चढउतारात लोह वरच्या थरात साचून घट्ट होत गेलं. म्हणून जांभ्याचं वरचं कवच कठीण असतं. त्याखाली भोकाभोकांचा, चिरा कापता येईल असा थर. त्याखाली पांढरी, गुलाबी, पिवळी अशी चिकण माती. आणि त्याच्याही खाली कुजत चाललेला मूळ खडक. जुनी विहीर उन्हाळ्यात आत वाकून पाहिली तर हे थर काठापासून तळापर्यंत एकाखाली एक दिसतात.

चिऱ्याबद्दल, म्हणजे जांभ्याच्या कापून काढलेल्या दगडाबद्दल, मला मनापासून प्रेम आहे. फ्रान्सिस बुकॅननने 1807 साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात मलबारातल्या या दगडाचं नवल लिहून ठेवलं: जमिनीत असताना लोखंडी हत्याराने सहज कापला जातो, आणि काढून हवेत ठेवला की विटेसारखा कठीण होतो. आमच्याकडे हे सांगायला प्रवासी लागला नाही. हरवळ्याची लेणी जांभ्यात कोरलेली आहेत. उसगळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्याच्या कातळावर आदिमानवाने बैल, हरणं आणि तो प्रसिद्ध चक्रव्यूह खोदला. आग्वादचा किल्ला जांभ्याचा, आमच्या घराचं जोतंही जांभ्याचं. ज्या जागेवर घर उभं राहायचं त्याच गावातल्या खाणीतून चिरे यायचे, त्यांना जोडायला तांबडी माती नाहीतर शिंपल्या-खुब्यांचा चुना, वर चुन्याचाच गिलावा.

आमचा मेस्त, म्हणजे गवंडी, चिरा उतरवून घेताना प्रत्येकावर हातोडी मारून ऐकतो. खणखणीत वाजला तर भिंतीला, बद्द वाजला तर कुंपणाला. बद्द वाजणाऱ्या चिऱ्याच्या भोकांत पांढरी माती भरलेली असते. भिंत उघडी राहिली तर ती माती दोन-तीन पावसाळ्यांत धुऊन जाते आणि दगड आतून पोकळ होतो. हल्ली चिऱ्याच्या भिंती उघड्या ठेवण्याची टूम आहे. मासिकांतल्या फोटोंत त्या फार सुंदर दिसतात. अशा भिंतीचं पुढं काय होतं हे पाहायला जुन्या गोव्यात जावं. बॉम जेझूचं बासिलिका 1594 ते 1605 या काळात बांधलं गेलं, आणि ते मुळात गिलाव्याचं, पांढरं होतं. 1950 च्या दशकात पोर्तुगीज राजवटीतल्या जीर्णोद्धाराच्या वेळी वास्तुविशारद बाल्ताझार काश्त्रु यांनी बाहेरचा गिलावा काढायला लावला, आणि तेव्हापासून त्या तांबड्या भिंती पाऊस अंगावर घेत झिजताहेत. आज पर्यटकाला तो तांबडा रंगच खरा वाटतो, आणि गिलावा परत चढवावा की नाही यावर वाद होतात. माझं मत विचाराल तर चढवावा. चिऱ्याला चुन्याचं पांघरूण लागतं. ते चढवणारे लोक दगडाला ओळखत होते.

सिमेंटचा गिलावा मात्र तेच काम करत नाही. चिरा जमिनीतलं पाणी वर ओढतो. चुन्यातून ती ओल बाहेर पडते, सिमेंटच्या मागे ती कोंडते, आणि मग जोत्यापासून हातभर उंचीवर लोणा फुटतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. लोक रंगाच्या कंपनीला दोष देतात आणि दर दिवाळीला नवा हात मारतात.

आता कठीण कवचाखालच्या चिकण मातीकडे येते, कारण गोव्यातले बरेच अपघात तिथून सुरू होतात. सड्यावर पाया घ्यायला खर्च कमी. थोडं खणलं की कातळ लागतो, आणि घरवाला निश्चिंत होतो. सपाट सड्याच्या मधोमध ते ठीक आहे. पण सड्याच्या कडेला, जिथून खालची नदी दिसते आणि म्हणून जिथल्या जागेला सर्वांत जास्त भाव येतो, तिथं डोंगर उभा कापला की खालचा मऊ थर उघडा पडतो. वरून झिरपलेलं पाणी कवचातून सरळ खाली येतं, चिकण मातीवर अडतं आणि तिथून बाजूला वाट काढतं. कापलेल्या कडेतून ते बाहेर पडताना माती घेऊन पडतं. कवचाला खालून आधार उरत नाही. पहिल्या पावसात काही होत नाही, म्हणून मग सगळ्यांना वाटतं की काही होणार नाही.

या मातीने कोकण रेल्वेला काय छळलं ते आठवून पाहा. पेडण्याचा बोगदा कठीण खडकातून गेला असता तर केव्हाच झाला असता. तो मऊ, पाण्याने भरलेल्या मातीतून न्यावा लागला, खणताना पुनःपुन्हा ढासळला, आणि मार्ग 26 जानेवारी 1998 ला देशाला अर्पण होण्याआधी सर्वांत शेवटी हाती आलेल्या कामांपैकी एक तो होता. पुढेही त्याने गप्प बसणं मान्य केलं नाही: ऑगस्ट 2020 मध्ये आतली भिंत कोसळली, जुलै 2024 मध्ये रुळांवर पाणी आणि चिखल उसळून गाड्या रद्द झाल्या. दोन्ही वेळा पाऊस होता. एवढी यंत्रं, एवढे अभियंते असलेल्या कामाची ही गत. आपण तर जेसीबीवाल्याला तासाच्या भाड्यावर बोलावतो आणि संध्याकाळपर्यंत प्लॉट सपाट करून मागतो.

कापलेल्या डोंगराची ती तांबडी माती जाते कुठं? बहुतेकदा खाली, शेतात. ट्रक तोच, खेपही तीच. वरचा उतारही मोडतो आणि खालचं खाजनही बुजतं. नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या 17अ कलमात या दोन्ही गोष्टी एकत्रच धरल्या आहेत, चढाची जमीन कापणं आणि सखल जमीन भरणं. ज्याने कोणी ते कलम लिहिलं त्याला गोव्याचा उतार कळला होता असं मला नेहमी वाटतं. रात्रीच्या खेपा त्याला कळल्या नसाव्यात.

खाजनाबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं. गोव्यात सुमारे 18 हजार हेक्टर खाजन आहे, म्हणजे खारफुटीच्या चिखलातून बांध घालून माणसांनी मिळवलेली जमीन. समुद्रसपाटीच्या बरोबरीची, कुठं भरतीच्या पातळीपेक्षाही खाली. बांधात मानस असते, म्हणजे पाणी आतबाहेर सोडायची झडप. तिची माट्टीच्या लाकडाची दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. खारं पाणी किती आत घ्यायचं, किती बाहेर सोडायचं हे गावकरी ठरवत. जूनमधल्या पावसाने मातीतलं मीठ धुऊन निघालं की कोरगुट पेरायचं. खारं सोसणारं भात ते हेच. जुन्या गोव्यात एल्याला असलेल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने त्याच्यावरून पुढे ‘गोवा धान’ नावाच्या जाती काढल्या. बोरीला पौष अमावास्येला मांगे थापणी होते: शेतकरी बांधाजवळ शेतातल्याच चिखलाची मगर थापतात आणि तिची पूजा करतात. कुंभारजुव्याच्या कालव्यात खऱ्या मगरी आहेत, तेव्हा ही पूजा मला अगदी समजते. बांध, चिखल, पाणी आणि त्यातला प्राणी हे सगळं एकाच घरातलं आहे असं मानल्याशिवाय तिथं शेती होत नाही.

त्या चिखलात खारफुटीच्या काळापासून गंधक साठलेलं असतं, लोहाशी बांधलेलं. जमीन ओली आहे तोवर ते निपचित पडून राहतं. पाणी काढून टाकलं, माती उपसून उन्हात टाकली, की हवा लागून त्याचं आम्ल होतं. पाणी गंजाच्या रंगाचं येतं, गवत मरतं, सिमेंट आणि लोखंडाच्या सळ्यांना ते खातं. शिवाय या चिकण मातीवर वजन ठेवलं की ती वर्षानुवर्षं दबत राहते, आणि सगळीकडे सारखी दबत नाही. घराच्या एका कोपऱ्याखाली जुना पाट असेल तर तो कोपरा आधी बसतो. मोठ्या इमारती खोल खांब ठोकून उभ्या राहतात. साध्या घराला ते परवडत नाही. मग भराव घालून त्यावर राफ्ट, म्हणजे घराखाली सलग काँक्रीटचा थर, टाकतात, आणि तिसऱ्या पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते.

घर वर असो वा खाली, भिंतीची भेग निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारी गोष्ट मागच्या अंगणात असते, आणि तिच्याबद्दल मोकळेपणी बोलायला लोक लाजतात. गोव्यातली बहुतेक गावं अजून सेप्टिक टाकी आणि सोकपिटावर, म्हणजे टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यावर, चालतात. सेप्टिक टाकी घाण साफ करते असा समज आहे. टाकी फक्त वेगळं करते: जड गाळ तळाशी, तेलकट साय वर, मधलं पाणी पुढच्या नळातून बाहेर. तळाचा गाळ हवेविना जगणारे जिवाणू हळूहळू कुजवतात, उरलेला काही वर्षांनी टँकर लावून उपसावा लागतो. बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू असतातच. ते नाहीसे करण्याचं काम सोकपिटाभोवतीच्या मातीचं. मातीच्या कणांमध्ये हवा असावी आणि पाणी त्यांच्यामधून सावकाश उतरावं, म्हणजे तिथले सूक्ष्मजीव रोगजंतूंना अडवतात, मारतात. त्यासाठी वेळ लागतो आणि न भिजलेली माती लागते. जांभा वेळ देत नाही. खाजनात न भिजलेली माती नाही.

सेप्टिक टाक्यांसाठीच्या भारतीय मानक 2470 मध्ये जमीन किती पाणी पिते हे पाहण्याची साधी चाचणी दिलेली आहे. सोकपिट जिथं जेवढं खोल घ्यायचं तेवढा लहान खड्डा खणायचा, रात्रभर भिजवायचा, मग दुसऱ्या दिवशी पाणी 2.5 सेंटिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून पाहायचं. 30 मिनिटांपर्यंत सोकपिट चालतं. 30 ते 60 मिनिटं लागली तर लांब, उथळ चरांतून पाणी पसरवावं लागतं. 60 च्या वर गेलं तर ते नुसतं जमिनीत सोडून भागत नाही, आधी गाळणीतून न्यावं लागतं. ही चाचणी घराच्या आराखड्याइतकीच जरुरीची आहे, पण आमच्या पंचक्रोशीत ती केलेली मी कोणाकडे पाहिली नाही.

आम्ही ती केली. खालच्या तुकड्यात, शेताच्या कडेला, खड्डा खणतानाच कमरेइतक्या खोलीवर पाणी लागलं, आणि तेही मार्चमध्ये. जुलैत ते जमिनीबरोबर येणार. अशा ठिकाणी बांधलेल्या वसाहतींत पावसाळ्यात काय होतं हे मी पाहिलंय: सोकपिट आधीच भूजलाने भरलेलं असतं, संडासातलं पाणी उतरत नाही, टँकर येऊन उपसून जातो आणि दोन दिवसांत पुन्हा तेच, कारण उपसलेलं पाणी घरातलं नसून सगळ्या शेताचं असतं.

वरच्या तुकड्यात उलटं झालं. जांभ्यातल्या खड्ड्यात बादली ओतली आणि आम्ही घड्याळ पाहायच्या आत पाणी नाहीसं झालं. सगळे खूश. मेस्त म्हणाला, “बाय, हांगा बरें पिता. हें पीट जल्मांत भरचें ना.” त्याने कामाचा माणूस म्हणून प्रामाणिकपणे सांगितलं, गोव्यात कधीच न भरणारं सोकपिट हे उत्तम सोकपिट समजलं जातं. मला मात्र तिथंच भीती वाटली. जांभ्याच्या नळ्यानळ्यांतून पाणी एवढ्या वेगाने गेलं, तर ते गाळलं कुठं गेलं? आणि ते गेलं कुठं? वरचं कवच पार करून चिकण मातीवर अडायचं, तिच्यावरून घरंगळत उताराने यायचं आणि पायथ्याशी निघायचं. पायथ्याशी आमची झर आहे, आणि झरीखाली वाड्यातल्या विहिरी.

गोव्यातले बरेच नावाजलेले झरे याच रीतीने चालतात. केसरव्हाळ वेर्ण्याच्या सड्याच्या पायथ्याला आहे. पणजीतली बोक द व्हाक आल्तिनोच्या टेकडीखाली. सडा पाऊस पितो आणि उन्हाळ्यात थोडा थोडा करून परत देतो. सड्याला ओसाड जमीन म्हणणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात झरीवर जाऊन बसावं.

आणि हे नवं नाही. जुनं गोवं हे एकेकाळी आशियातल्या मोठ्या शहरांत मोजलं जाई. 1543 मध्ये तिथं पटकीची भयंकर साथ आल्याचं लिहून ठेवलेलं आहे, आणि पुढच्या दोन शतकांत साथींमागून साथींनी ते शहर रिकामं केलं. व्हिसरॉय 1759 मध्ये पणजीला राहायला गेले, 1843 मध्ये राजधानीही अधिकृतपणे हलली. कारणं अनेक होती, व्यापार बसला, हिवताप होता, नदीत गाळ साचला. पण इतिहासकार त्यांत एक कारण हमखास सांगतात: सच्छिद्र जमिनीतून मैलापाणी झिरपून विहिरींना मिळत होतं. अंगणात विहीर, अंगणातच मैल्याचा खड्डा, दोन्ही जांभ्यात. आमच्या घरापासून कालव्यापलीकडे ते शहर आहे. सेंट ऑगस्टीनचा उरलेला मनोरा मला त्या जमिनीवर उभा असलेला इशारा वाटतो.

मानक म्हणतं, पिण्याच्या विहिरीपासून सोकपिट किमान 18 मीटर लांब हवं. 400 चौरस मीटरचा चौकोनी प्लॉट घेतला तर त्याची बाजू 20 मीटर. त्यात घर, चारी बाजूंना सोडायची जागा, गाडी, विहीर आणि टाकी. स्वतःची विहीर कशीबशी टळली तरी शेजाऱ्याची सापडतेच. शिवाय जांभ्यात 18 मीटरचा भरवसा धरता येत नाही. पाणी कुठल्या नळीतून किती लांब जाईल ते वरून दिसत नाही.

शेवटी घर वरच्या तुकड्याच्या खालच्या अंगाला, वाड्याला चिकटून घ्यायचं ठरलं. कडा कापली नाही, जोतं पायऱ्यापायऱ्यांनी उतरवलं. सोकपिटासाठी मी दादाच्या, म्हणजे त्या चुलतभावाच्या, मागे लागले. दोन खड्ड्यांच्या शौचालयांसाठी सरकारी मार्गदर्शक सूचनांत भेगाळ जमिनीचा उपाय दिलेला आहे: खड्ड्याचा तळ बंद करायचा आणि भोवतीने 500 मिलिमीटर जाडीचा बारीक वाळूचा थर घालायचा. म्हणजे जांभा जे देत नाही ते आपण त्याच्या आधी उभं करायचं. आम्ही टाकीनंतर एक उथळ वाफा घेतला, खाली खडी, वर वाळू, त्यात कर्दळ आणि अळकुड्या. त्यातून निघालेलं पाणी मग वाळूच्या वेढ्यातल्या खड्ड्यात. सगळं झरीच्या वाटेपासून बाजूला. न्हाणीघराच्या फरशीला जेवढा खर्च आला त्यापेक्षा हा कमी होता. न्हाणीचं आणि मोरीचं पाणी टाकीत जाऊच दिलं नाही, ते माडाला आणि केळींना; आमच्या आजीच्या घरी तसंच होतं, आणि ती वाट मोडण्याचं काही कारण नव्हतं.

बागेचं सांगितल्याशिवाय मला हे पुरं करता येणार नाही. जांभ्यावरच्या मातीचा रंग पाहून बाहेरून आलेले लोक फसतात. एवढी लालभडक माती म्हणजे सुपीक असणार. तो रंग लोहाचा आहे. पावसाने चुना, पोटॅश धुऊन नेलेली ही आम्लधर्मी माती, आणि त्यातलं लोह-अॅल्युमिनियम स्फुरदाला असं धरून ठेवतं की मुळांना ते मिळत नाही. सुपर फॉस्फेटच्या पिशव्या ओतल्या तरी बराचसा भाग बांधला जातो. अशा जमिनीत खनिज रॉक फॉस्फेट बरं, ते आम्लातच सावकाश विरघळतं. चुलीची राख, थोडा चुना, आणि सर्वांत मोठं औषध पालापाचोळा. कुजणारा पाला ते कुलूप सैल करतो, पाणी धरतो, गांडुळांना बोलावतो. नोव्हेंबरात दारोदारी पाला पेटवलेला दिसतो तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. वर्षभराचं खत धुरात जातं, आणि जूनमध्ये तेच लोक नर्सरीतून पिशवीबंद खत आणतात.

जुन्या माणसांनी या मातीशी भांडण केलं नाही. पहारीने जांभा फोडून मीटरभर खड्डा करायचा, वर्षभर त्यात पाला, शेण, राख कुजू द्यायची, मग कलम लावायचं. मानकुराद आंब्याची मुळं पुढे आपली भेग आपण शोधतात. काजूला तेवढंही लागत नाही. पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून आणलेलं हे झाड उजाड उतारावर जसं रमलं तसं कुठलं रमलं नसेल. काणकोणात खोल्याची मिरची डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावरच घेतात, कारण तिथं पाणी साचत नाही. माडाला मीठ आणि तारल्यांचं खत. कुळागर, म्हणजे पोफळीची मिश्र बाग, मात्र झरीखाली, ओहोळाच्या बाजूने, जिथं डोंगराची धुपलेली माती येऊन थांबते: वर पोफळी, मध्ये केळी, पोफळीच्या अंगावर मिरवेल, खाली अननस, हळद, आलं. तिथली माती मुठीत धरली की वास येतो. ती डोंगरावरच्या मातीचीच आहे, फक्त पाण्याने निवडून खाली आणलेली.

दादाच्या प्लॉटच्या कोपऱ्यात एक वारूळ आहे. मेस्ताने तिथं दोरीही लावू दिली नाही. गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते, कित्येक देवळांच्या गाभाऱ्यात मूर्तीऐवजी रोयणच आहे. मला त्या पूजेत मातीचं ज्ञानही दिसतं. वाळवी खालच्या थरातली बारीक माती दाणा दाणा वर आणते. कातळावर मूठभर जरी माती कुठं दिसली, तरी ती बऱ्याचदा तिनेच आणलेली असते. त्या वारुळाला धरून एक कुड्याचं झाड आणि दोन भिरंडीची रोपं आपसूक आली आहेत. कुंपणाची भिंत तिथं वळवून घेतली.

आता एक चिंता उरते, आणि ती आमच्या एका घरापुरती नाही. ओप्याच्या प्रकल्पाचं नळाचं पाणी वाड्यात आलं तेव्हापासून विहिरींकडे कोणी पाहत नाही. काहींवर झाकण आलं, काहींत कचरा पडला. आणि काही ठिकाणी, हे लिहिताना मला राग येतो, कोरड्या पडलेल्या जुन्या विहिरीचंच सोकपिट केलंय. आयता खोल खड्डा, खणण्याचा खर्च वाचला. ती विहीर आपल्या थरापर्यंत पोचलेली आहे, शेजारच्या दहा विहिरींशी जमिनीखालून जोडलेली आहे. वरचं कवच ओलांडून घाण थेट त्या पाण्यात सोडण्याची याहून सोपी वाट नाही. नळ बंद पडतो त्या आठवड्यात वाडा पुन्हा त्याच विहिरींवर येतो.

म्हणून ग्रामसभेत मी मागणी केली आहे की वाड्यातल्या प्रत्येक विहिरीचं पाणी वर्षातून दोनदा तपासावं, एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैत, आणि आकडे पंचायतीच्या फळ्यावर लावावेत. नव्या घराच्या परवान्याबरोबर खड्ड्याची चाचणी मागावी, तीही पावसाळ्यात केलेली, कारण मार्चमधली जमीन आणि जुलैमधली जमीन यांचा एकमेकींशी संबंध नसतो. मागणी इतिवृत्तात लिहून घेतली गेली. पुढची सभा गणपतीनंतर आहे. तोवर ज्यांच्या घरी विहीर आहे त्यांनी झाकण उघडून आत पाहावं, दर वर्षी गाळ काढावा, आणि शेजारी टाकीसाठी खड्डा खणताना दिसला तर कुंपणापाशी जाऊन तो विहिरीपासून किती पावलांवर आहे ते विचारावं. मी विचारते. एक-दोघांना आवडलं नाही, पण एकाने खड्डा हलवला.